दौलतभाऊंची न केलेली सही

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. वर्ध्याला कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे आजवर लिहिलं ते परीक्षेचे पेपर आणि आमच्या हॉकी क्लबचे अर्ज, एवढंच. रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर आलेले लेख मी वाचतो. ती माणसं मोठी असतात, लिहिणारेही मोठे असतात. दौलतभाऊ नालवाडीत गाद्या भरायचे आणि एक हॉकीचा संघ चालवायचे. नालवाडीबाहेर कोणाला त्यांचं काय, असं वाटून मी तीनदा कागद फाडला. पण खरं कारण तेही नाही. त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे का, हा प्रश्न होता. संघातल्या दुसऱ्या कोणीही लिहिलं असतं, तर ते माझ्यापेक्षा स्वच्छ मनानं लिहिलं असतं...

ते गेल्याला महिना होत आला. ते गेले त्या दुपारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो होतो आणि आमचा लेफ्ट हाफ शंकर आत आला. शंकर म्हणजे तोंडाला कधी दम नसलेला पोरगा, ग्रंथालयातून त्याला दोनदा बाहेर काढलेलं. त्या दिवशी तो गुपचूप खुर्ची ओढून समोर बसला आणि माझ्या पुस्तकाची पानं उलटत राहिला. "काय झालं बे?" मी विचारलं. "सकाळी भाऊ गेले," तो म्हणाला, "दवाखान्यातच." सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की मी त्यांच्या नावाची खोटी सही केली होती हे आता त्यांना कधीच सांगता येणार नाही.

मी वडनेरहून वर्ध्याला आलो तेव्हा नालवाडीत दौलतभाऊंच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहायला लागलो. दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळचं. पुढे गाद्यांच्या वळकट्या, आत कापसाचा ढीग, पिंजायचं यंत्र, आणि कोपऱ्यात हॉकी स्टिकांचा भारा. पिंजताना उडणारा कापूस त्यांच्या भुवयांवर बसायचा, म्हणून पन्नाशीच्या आतच ते म्हातारे दिसत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दारात थांबवलं आणि खालून वर पाहिलं. "हात लांब हायेत तुहे. हॉकी खेळला का कधी?" मी नाही म्हटलं. "बरं झालं. म्हणजे बिघडला नाईस अजून." अशा रीतीनं मी गोलकीपर झालो. गोलकीपरचे पॅड भाऊ स्वतः भरत, बाजारातले त्यांना पटतच नसत. गादीचं जाड कापड, आत ठासून कापूस, वर गादीला घालतात तसे टाके. चेंडू लागला की टप्प असा आवाज यायचा आणि तो जागेवरच पडायचा. नागपूरचे संघ पाहून हसायचे. शंकर म्हणायचा, "रव्या, बॉल तिकडंच राह्यला तं पॅडवरच पडून घेजो थोडासा."

मी कॉलेजात जाणारा, अक्षर बरं, म्हणून क्लबचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. क्लबचे छापील कागद आणि शिक्का माझ्या ट्रंकेत असत. मी लिहायचो, भाऊ सही करायचे. सही करताना ते आधी हात धोतराला पुसायचे आणि एकेक अक्षर असं काढायचे, जणू टाकाच घालताहेत. शेकडो वेळा मी ती सही जवळून पाहिली असेल.

आमच्या संघात एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी सगळ्यांनी दुकानात जमायचं. मधे एक कोरी गादी अंथरलेली असे. एकेकानं पुढे येऊन आपली स्टिक तिच्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "सगळ्या मॅचा." मग भाऊ ती स्टिक उचलून त्याच्या हातात परत देत. मधेच कोणाला संघ सोडायचा असेल तर त्यानंही तसंच सगळ्यांसमोर यायचं, स्टिक गादीवर ठेवायची आणि "आता नाई" म्हणायचं. एवढं केलं की तो मोकळा. माझ्यासमोर दोघांनी तसं केलं. एकाची बदली झाली होती, एकाचं लग्न ठरलं होतं. दोघांनाही भाऊंनी घरी नेऊन जेवू घातलं, वहिनींनी पुरणपोळी केली. सोडून जाण्यावर भाऊंचा राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. न सांगता जाण्यावर होता.

आणि वाद... सराव संपला की दुकानात वळकट्यांवर बसून रोज तोच वाद. लीग मोठी की देशाकडून जिंकलेला कप मोठा? दर हिवाळ्यात नागपूरला रविवारी रविवारी लीगचे सामने व्हायचे आणि नालवाडीनं ती एकदाही जिंकली नव्हती. भाऊ लीगच्या बाजूचे. म्हणायचे, "तो बाहेरचा कप म्हणजे वरात. आठ दिवस नाचले अन् झालं. लीग म्हणजे संसार. ज्यानं तुले मागच्या साली हरवलं तोच याही साली समोर उभा राह्यते, तुह्या सगळ्या खोड्या त्याले माईत असते. त्याच्यासमोर जिंकून दाखव." यावर आमचा सेंटर फॉरवर्ड अनिल हमखास म्हणायचा, "पण भाऊ, माणसाच्या ध्यानात वरातच राह्यते." सगळे हसायचे, वहिनी आतून म्हणायच्या, "खरं हाय त्याचं." मग भाऊ हट्टानं म्हणायचे, "देशासाठी अकरा जण कुठूनही भेटतीन. नालवाडीसाठी कोण खेळन?" त्यांना स्वतःला कधी वरून बोलावणं आलं नाही म्हणून ते लीगचं एवढं करतात, असं आम्ही त्यांच्या मागे म्हणायचो. मीही म्हणालो आहे.

अनिल हा प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. त्याच्यासारखा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. खडबडीत मुरमाच्या मैदानावरही चेंडू त्याच्या स्टिकला चिकटल्यासारखा असायचा. पेनल्टी कॉर्नर मिळाला की फटका त्यानंच मारायचा, हे ठरलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात त्याच्यामुळे आम्ही अशा ठिकाणी पोचलो जिथे नालवाडी कधीच पोचली नव्हती. शेवटचा एक सामना उरला होता, रविवारी, नागपूरला. तो जिंकायचीही गरज नव्हती. बरोबरीत सुटला तरी लीग आमची.

त्या आठवड्याच्या सोमवारी अनिलला पत्र आलं. भारताच्या ज्युनिअर संघासाठी भोपाळला शिबिर होतं, तिथूनच परदेशातल्या स्पर्धेचा संघ निवडणार होते. शनिवारी सकाळी हजर व्हायचं आणि क्लबची ना-हरकत चिठ्ठी बरोबर आणायची. चिठ्ठी नसेल तर प्रवेश नाही. पत्र इंग्रजीत होतं. ते मीच दुकानात सगळ्यांना वाचून, समजावून सांगितलं. वाचून झाल्यावर यंत्राचा आवाज तेवढा राहिला. अनिल तेव्हा तिथे नव्हता, पत्र माझ्या हाती देऊन तो घरी गेला होता. भाऊंनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "लिही चिठ्ठी." मी लिहिली, शिक्का मारला, त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात पुसले... आणि सही केली नाही. चिठ्ठी गल्ल्याच्या काचेखाली सरकवली. "अनिल येईन. स्टिक ठेवन. मी सही करीन."

मंगळवार गेला, बुधवार गेला. अनिल सरावालाही आला नाही. संघात दोन तट पडले. कोणी म्हणे भाऊ आडून बसले, पोराचं नशीब अडवून राहिले. कोणी म्हणे अनिलला एवढं काय जड आहे, दुकानात येऊन दोन शब्द बोलायला? शंकरसुद्धा जोक करायचा थांबला. येता-जाता प्रत्येक जण काचेखालच्या त्या कागदाकडे पाहायचा. भाऊ गाद्या भरत राहिले. बुधवारी संध्याकाळी मी धीर करून म्हणालो, "भाऊ, करून टाका ना सही. मी नेऊन देतो त्याले." त्यांनी सुईवरून मान वर केली. "सही कायची हाय रवी? माह्या नावाची. अन् सोडून कोण जाऊन राह्यलं? तो. मंग त्याचं काम मी काऊन करू?"

गुरुवारी दुपारी अनिल माझ्या खोलीत आला. डोळे सुजलेले. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "दुसरी चिठ्ठी लिही." मी म्हटलं, एक तयार आहे, तू फक्त दुकानात जा, वीस पावलं आहेत. "नाई जात." "काऊन पण?" तो खाटेवर बसला. नखं कुरतडू लागला. मग म्हणाला, "त्यायच्या समोर गेलो तं मी थांबून जाईन बे. मले माईत हाय. ते काईच म्हणणार नाई, नुस्ते माह्या स्टिककडे पाहतीन, अन् मी म्हणीन, राहू द्या भाऊ, लीग खेळतो. मंग जिंदगीभर त्यायचा राग करीन."

यावर मी काय बोलायला हवं होतं, हे आजही मला कळत नाही. मी वाद घालू शकलो असतो. भाऊंना मागच्या दारानं बोलावून आणू शकलो असतो. पण मला त्या वेळी बाबा आठवले. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर पालकाची सही लागते म्हणून मी अर्ज घेऊन वडनेरला गेलो होतो, भर पेरणीच्या दिवसांत. बाबांनी एक शब्दही विचारला नाही. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उमटवला आणि वावरात निघून गेले. मला असं जाऊ दिलं, मग अनिलला का नाही? एवढाच विचार मी केला, आणि तो मला फार चांगला वाटला. ट्रंक उघडली. चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि खाली दौलतभाऊंचं नाव, एकेक अक्षर, टाके घालावे तसं काढलं. सही अगदी हुबेहूब आली. ती एवढी चांगली आली याचीच मला भीती वाटली. अनिलनं कागद शर्टाच्या आत ठेवला आणि शुक्रवारी गाडीनं निघून गेला.

शनिवारी सकाळी सगळ्या नालवाडीला कळलं. दुकानात गर्दी झाली. शंकर म्हणाला, "चिठ्ठी तं इथंच हाय काचेखाली. बिनाचिठ्ठीचं त्याले कोण घेते? येते वापस, उद्या दुपारपर्यंत नागपूरले उतरते पाहा." सगळ्यांना हायसं वाटलं. मी खाली पाहत होतो. भाऊ कापूस पिंजत राहिले. पण तिसऱ्या प्रहरी त्यांनी संघाला बोलावून सांगितलं, "अनिल येणार नाई. सेंटरले मनोज खेळन. कॉर्नरही तोच मारन." शंकरनं विचारलं, "तुमाले कसं माईत?" "नाई येत म्हटलं ना," भाऊ म्हणाले, आणि तो विषय तिथे संपवला.

त्या दिवशी सहाच्या सुमारास ते माझ्या खोलीवर आले. काखेत माझे पॅड. आदल्या सामन्यात एकाची शिवण उसवली होती, ती त्यांनी घालून आणली होती. मी ट्रंकेवर बसलो होतो, तसाच बसून राहिलो, उठलो असतो तर बहुतेक सगळं सांगून टाकलं असतं. त्यांनी मला पॅड बांधायला लावले, पट्टे ओढून पाहिले, गुडघ्याशी दाबून पाहिलं. "घट्ट नाई ना होत?" "नाई." "उजवीकडून येते त्यायचा तो पोरगा. पायावर विश्वास ठेवजो. हातानं घाई करू नको." मी म्हटलं, "भाऊ..." त्यांनी पट्टा आणखी एक घर घट्ट केला. "जेवला काय? वहिनीनं बोलावलं हाय." बस, एवढंच.

सामन्याबद्दल थोडंच लिहितो. पहिल्या पस्तीस मिनिटांत मी चार चेंडू अडवले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला खेळ होता, आणि मला एक क्षणही आनंद झाला नाही. दुसऱ्या अर्ध्यात आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मनोजनं फटका मारला, चेंडू खांबाला घासून बाहेर गेला. मैदानावर सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं, ते मला ऐकू आल्यासारखं वाटलं. शेवटची तीन-चार मिनिटं उरली होती. त्यांचा तो उजवीकडचा पोरगा एकटाच सुटून आला. पायावर विश्वास ठेवायचा होता... मी हातानं घाई केली. चेंडू दोन पायांमधून गेला. एक-शून्य. लीग गेली. आमची पोरं मैदानावरच बसली, शंकर ढसाढसा रडला. परतताना ट्रकच्या फाळक्याला टेकून भाऊ माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "गोल तुह्या पायातून गेला. मॅच नाई गेली तुह्या पायातून. ध्यानात ठेव." मला वाटलं, यांना खरं कळलं असतं तर हे असं बोलले नसते.

अनिलची निवड झाली. परदेशात त्या संघानं कप जिंकला. दोनेक महिन्यांनी तो पदक घेऊन आला तो सरळ दुकानात. आता दोघांत काय होतं म्हणून मी दाराशी कान देऊन उभा होतो. भाऊंनी पदक हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. "किती मिनिटं खेळला?" "सगळ्या मॅचा मिळून चाळीस." "अन् लीगमंदी?" अनिल हसला. "लीगमंदी तं मोजलेच नाई भाऊ." भाऊ म्हणाले, "तेच म्हणतो मी. तिथं मोजून भेटते." अनिलनं पदक परत घेतलं आणि एकदम गंभीर झाला. "पण ते चाळीस मिनिटं मी कोणाले देणार नाई." भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. "देऊही नको," म्हणाले, आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितला. दोघांमध्ये कसलीच अढी नव्हती. याचं मला फार नवल वाटायचं आणि त्रासही व्हायचा. आपण केलेल्या पापावर ही दोन माणसं एवढी मोकळी हसतात, असं वाटून मी बाहेर निघून जायचो.

पुढे अनिलला बाहेरगावी खेळाडू म्हणून नोकरी लागली. नालवाडीनं नंतरही लीग जिंकली नाही. त्या वर्षी होतो तेवढे जवळ आम्ही पुन्हा कधी गेलोच नाही. मी गोलमध्ये उभा राहत होतो, क्लबचे अर्ज लिहीत होतो, आणि भाऊ माझ्यासमोर सही करत होते. दर सहीला मला वाटायचं, आज सांगावं. या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. "भाऊ, मले तुमाले एक सांगायचं होतं." ते उशीला टेकून बसले होते, भुवया पहिल्यांदाच काळ्या दिसत होत्या. "परीक्षा कधी हाय तुही?" "पुढच्या महिन्यात." "मंग परीक्षा झाल्यावर सांगजो. आता अभ्यास कर." आणि मी... मी उठलो. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. चार दिवसांनी शंकर ग्रंथालयात आला.

लीग मोठी की देशाचा कप मोठा, याचा निकाल मला लावता येत नाही. अनिलचं चाळीस मिनिटांचं सुख मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ते खोटं नव्हतं. आणि त्या रविवारी मैदानात बसलेली आमची दहा पोरंही मी पाहिली आहेत. त्यांना पुन्हा तसा रविवार मिळाला नाही. भाऊंच्या आयुष्यात एकदाच लीग एवढी जवळ आली, आणि ती मी त्यांना न विचारता देऊन टाकली, हे ओझं घेऊन मी त्यांच्या तेरवीला गेलो.

अनिल आला होता. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं दुकानाच्या मागे उभे राहिलो. मी त्याला म्हटलं, "आपण त्यायले फसवलं, अन् ते तसेच गेले." अनिल म्हणाला, "तुले एक सांगायचं होतं रव्या. ते हायेत तोवर बोलणार नाई अशी जबान देल्ली होती." मग त्यानं सांगितलं. शिबिराच्या पहिल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिथले साहेब एकेका खेळाडूच्या क्लबला फोन लावत होते. क्लबवाले मागाहून भांडण काढतात म्हणून दरवर्षीच तसं विचारून घेत. आमच्या छापील कागदावर दुकानाचा नंबर होता. साहेबांनी अनिलसमोरच फोन लावला. "चिट्ठी पर साइन आपका ही है न? नहीं है तो बता दीजिए, लड़के को शाम की गाड़ी में बिठा देते हैं. कल सुबह आपके पास पहुँच जाएगा."

"मी तिथंच उभा होतो," अनिल म्हणाला. "फोनमंदून यंत्राचा आवाज ऐकू येऊन राह्यला होता. मंग तो बंद झाला. लय वेळ काईच नाई. मले वाटलं, संपलं." मग साहेब ठीक है म्हणाले, कागदावर खूण केली आणि फोन अनिलच्या हातात दिला.

"काय म्हणाले भाऊ?" मी विचारलं.

अनिलनं दुकानाच्या भिंतीकडे पाहिलं. "म्हणे, माहीच सही हाय म्हणून सांगतलं त्यायले. आता नीट खेळ. अन् मले माईत हाय हे रवीले सांगू नको... उद्या त्याले गोलमंदी उभं राहाचं हाय."